दादाचा पखवाज मी विकला

आमच्या गावच्या भजन मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा एक स्मरणिका निघाली होती. पिवळ्या कव्हरची, पातळ, अर्धी पानं जाहिरातींची. मी तेव्हा पनवेलला सरकारी कचेरीत कारकून होतो आणि गावातला लिहिणारा माणूस समजला जायचो, म्हणून मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या इतिहासात एक वाक्य आहे: 'मंडळाच्या पहिल्या पखवाजवादकांनी पत्नीच्या निधनानंतर आपला पखवाज स्वखुशीने विकला व वादनातून निवृत्ती घेतली.'

ते पखवाजवादक म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. वाक्य खोटं आहे. पखवाज मी विकला, त्याला न विचारता, आणि ते झाकण्यासाठी हे वाक्य लिहिलं. आता मंडळाला पन्नास वर्षं होतायत. नवी स्मरणिका निघणार आहे आणि जुना माणूस म्हणून इतिहास पुन्हा मलाच लिहायला सांगितला आहे. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा परदेशात आहे. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी एकटा असतो. दार वाजतं ते कुरियरवाल्याने चुकून वाजवलं तर. खोटं पुन्हा एकदा लिहिण्याइतकी फुरसत मला आहे, पण हात होत नाही.

आमचं गाव पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. दादा चौथीत शाळा सोडून शेतात उतरला, मी पुढे शिकलो. दोघांतल्या एकालाच शाळा परवडणार होती, आणि मी शिकावं हे त्यानेच ठरवलं होतं. आमच्या बांधावरचा एक फणस वाऱ्यात पडला, त्याचं खोड त्याने बैलगाडीत घालून कारागिराकडे नेलं आणि पखवाज कोरून आणला. दोन्ही तोंडांच्या पुड्यांचं चामडं मंडळाने दिलं. त्यामुळे पखवाज दादाचा असला तरी मंडळ त्याला आपलाच मानायचं.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, तेव्हा त्याला तो खोल आवाज येतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. आमच्या घरात रोज तांदळाची भाकरी. गहू सणासुदीला. पण वहिनी एका लहान पितळी डब्यात गव्हाचं पीठ वेगळं ठेवायची, फक्त पखवाजासाठी. एकादशीला संध्याकाळी ती लिंबाएवढा गोळा मळून ताटलीत झाकून ठेवायची आणि दादा तो घेऊन देवळात जायचा. कणीक सैल झाली की आवाज बसतो, घट्ट झाली की फुटतो. तिला ते बोटांनी कळायचं. दादा म्हणायचा, अर्धा पखवाज तिचा आहे.

मला वाजवता आलं नाही. टाळ दिले तर तेही मागे पडायचे, आणि दादा वाजवता वाजवता एकदा माझ्याकडे बघायचा, बस. पण शनिवारी कचेरी सुटल्यावर मी पनवेलहून गावी यायचो तेव्हा ओढ्यापाशीच मला तो आवाज लागायचा. मग मी सावकाश चालायचो, म्हणजे जास्त वेळ ऐकू येईल. घरी पोचलो की दादा थांबायचा, माझी विचारपूस करायचा, आणि मला वाटायचं, याने थांबायला नको होतं.

वहिनी गेली तेव्हा दादा सत्तावन्न वर्षांचा होता. मुलगी एकच, तिचं लग्न होऊन ती चिरनेरला गेली होती. तेरावं झाल्यावर थोड्या दिवसांनी दादा एसटीने माझ्याकडे आला. हातात पखवाज, वहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला.

"ठेव तुज्याकडं," म्हणाला. "डोल्यासमोर असला तर हात जातो."

त्याने किती दिवस ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ इथे आहे. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्ष पाळतात. वर्षभर घरात सण नाही, वाद्याला हात नाही. वर्षश्राद्ध झालं की सगळं पुन्हा सुरू. हे गावात कुणी कुणाला सांगत नाही. त्याला वाटलं, हा आपल्याच घरातला, याला काय सांगायचं. आणि मी तोवर पंचवीस वर्षं पनवेलला राहून सरकारी सुट्ट्यांचं कॅलेंडर पाठ असलेला माणूस झालो होतो.

आणखी एक गोष्ट होती. पखवाजाच्या कडेने चामड्याच्या पट्ट्या ताणलेल्या असतात आणि त्यांच्याखाली लाकडी गठ्ठे अडकवलेले असतात. गठ्ठे ठोकले की पट्ट्या ताणतात, आवाज चढतो. माझ्याकडे आणण्याआधी दादाने सगळे गठ्ठे उतरवून ठेवले होते. दोन-तीन महिन्यांनी मी लुगडं बाजूला करून एकदा थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. मी बायकोला म्हणालो, संपला हा, दादाचा हातही संपला. बायको म्हणाली, भाऊजींना विचारा तरी. मी म्हणालो, कशाला त्याची जखम उकरायची.

त्याच वर्षी आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. सत्यनारायणाला कचेरीतले लोक बोलावले होते, साहेबही आले. त्यांना पखवाजाची हौस होती, ठाण्याहून एक शिक्षक त्यांना शिकवायला यायचे. तीर्थप्रसाद घेताना त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या त्या गाठोड्याकडे गेलं. उघडून बघितलं, खोडावर हात फिरवला आणि म्हणाले, असं फणसाचं खोड आता मिळत नाही, तुमच्याकडे कोण वाजवतं?

मी म्हणालो, आता कुणी नाही.

साहेबांनी विचारलं, देणार का? मी म्हणालो, त्यात काय साहेब. चार लोक ऐकत होते. साहेबाला आपल्या घरातलं काहीतरी हवंसं वाटलं, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, पण तेच खरं कारण आहे. गरज नव्हती, अडचण नव्हती, कुणी दबाव आणला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी साहेब शिक्षकांना घेऊन आले. शिक्षक जमिनीवर बसले, पिशवीतून हातोडी काढली आणि एकेक गठ्ठा चढवायला लागले. मग त्यांनी माझ्या बायकोकडे थोडी कणीक मागितली. बायकोने पोळ्यांच्या पिठातली दिली. ती थापून त्यांनी डावा हात टाकला.

आवाज फरशीतून माझ्या तळपायात आला. शेजारच्या बाईंनी दार उघडून बघितलं. मला एकदम ओढ्याकाठची ती वाट आठवली, आणि त्याच वेळी कळलं की पखवाज मेलेला नव्हताच. दादाने त्याला झोपवून ठेवलं होतं, चामड्यावर ताण राहू नये म्हणून. जो पुन्हा वाजवणार नाही तो अशी काळजी घेत नाही.

शिक्षक म्हणाले, "कोणीतरी फार जपलंय हो हे."

साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मग ठरलं ना?"

मी म्हणालो, "हो साहेब."

माणसाला चूक कळली नाही तर तिला चूक म्हणता येतं. मला कळली होती. नाही म्हणायला तीन शब्द पुरले असते. शिक्षकांनी लुगड्याची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली, पखवाज आपल्या खोळीत घातला, साहेबांनी टेबलावर पाकीट ठेवलं, आणि ते गेले. बायकोने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.

वर्षश्राद्धानंतर चौथ्या दिवशी दादा आला. दाढी केलेली, स्वच्छ धोतर. पाणी प्यायला आणि कोपऱ्याकडे बघितलं. तिथे तेव्हा टीव्हीचं टेबल होतं. मी सगळं सांगितलं, भराभर, साहेब कसे भले आहेत हेही सांगितलं, आणि म्हणालो, दादा, मला वाटलं तू आता वाजवणार नाहीस.

त्याने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "वरीस पालत होतो रे बाला. सोडला नव्हता."

मी पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्याने ते बघितलंही नाही. बायकोने लुगडं आणून दिलं ते तेवढं घेतलं, पिशवीत घातलं, चहा घेतला, कप आत नेऊन ठेवला आणि गेला. मी खाली सोडायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून पखवाज परत मागायचा असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर होते. नंतर मी ठरवणं सोडून दिलं. सहा महिन्यांत त्यांची बदली विदर्भात झाली. फार वर्षांनी एकदा मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं, कंबर धरल्यामुळे वाजवणं सुटलं, पखवाज कुणा विद्यार्थ्याला दिला, तो कुठे असतो माहीत नाही.

पण विकणं हा अर्धाच भाग. त्या सुमारास गावात एका हळदीला गेलो होतो. मंडळाचे बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, मांडवात बसले होते. वर्षभर मंडळाने शेजारच्या गावाचा पखवाज मागून आणून निभावलं होतं आणि आता सगळे दादाची वाट बघत होते. मला बघून बुवा म्हणाले, "काय सायेब, आमचा पखवाज पनवेलकर झाला का? फ्लॅट मानवला वाटतं त्याला."

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसत हसतच म्हणालो, "दादानेच विकायला सांगितला. वहिनी गेल्यावर त्याला नको झाला."

बुवांचं हसू थांबलं. त्या चामड्यात मंडळाचा वाटा होता, आणि न विचारता विकणं म्हणजे मंडळाला मोजलंच नाही असा त्याचा अर्थ होता. त्यांनी दादाला गाठून विचारलं. दादा एवढंच म्हणाला, गेला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मंडळाने नवा पखवाज घेतला, त्यावर दुसरा माणूस बसवला. दादा एकादशीला यायचा, मागच्या रांगेत बसून टाळ वाजवायचा. कुणी त्याला पुढे ये म्हणालं नाही.

पुढच्याच वर्षी स्मरणिका निघाली आणि मी ते वाक्य लिहिलं. तोंडाने बोललेलं हवेत विरतं, छापल्यावर ते ठाम होतं, याची कारकुनाला चांगली जाण असते.

दादाने मला कधी विचारलं नाही. दर वर्षी नवे तांदूळ आले की तो एक पोतं माझ्याकडे पाठवायचा, आधी पाठवायचा तसंच. त्याने भांडण केलं असतं तर आमच्यात काहीतरी उरलं असतं. तो यायचा, बसायचा, पावसापाण्याचं बोलायचा, शेजारच्या शेतात कुणाचं फार्महाऊस उठलं ते सांगायचा. जायची वेळ झाली की आम्ही दोघेही जरा सुटल्यासारखे उठायचो.

तो गेला त्याला सहा वर्षं झाली. त्याला मुलगा नाही, म्हणून मडकं मी धरलं. आमच्या मंडळात रीत आहे की मंडळाचा माणूस गेला तर भजन म्हणत त्याला न्यायचं, आणि वाजवणारा असेल तर त्याचं वाद्य सगळ्यांत पुढे. पेटीवाला गेला तेव्हा पेटी गळ्यात अडकवून एक जण वाजवत पुढे चालला होता. दादाच्या वेळी बुवांनी सांगितलं, ज्याने पखवाज विकला त्याच्यापुढे पखवाज कशाला. नुसते टाळ घेऊन मंडळ आलं.

स्मशानाच्या वाटेवर अर्ध्यात विसावा असतो. तिथे सगळे घटकाभर थांबतात, खांदे बदलतात, भजनही थांबतं. मी मडकं धरून उभा होतो. सगळं गाव समोर होतं, बुवा हाताच्या अंतरावर होते. देवळात नवा पखवाज होता, कुणालाही धावत पाठवून पाच मिनिटांत आणता आला असता. मी बोलायचं म्हणून तोंड उघडलंही असेल. मग कुणीतरी चला म्हणालं, आणि मी चालायला लागलो.

आता नव्या स्मरणिकेचं आलं तेव्हा मी आधी खरं काय ते दोन पानांत लिहून काढलं. मंडळाला देण्याआधी ते दादाच्या मुलीला दाखवायला हवं होतं, म्हणून मागच्या महिन्यात चिरनेरला गेलो. ती आता पन्नाशीची आहे, मुलगा द्रोणागिरीला गोदामात कामाला असतो. तिने आग्रहाने जेवायला घातलं. जेवण झाल्यावर मी चष्मा लावला आणि पानं वाचून दाखवली.

ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "ती पिवळी पुस्तिका मीच वाचून दाखवली होती बाबांना."

मला हे माहीत नव्हतं. दादाला अक्षरं लावायला वेळ लागायचा, म्हणून ती माहेरी आली तेव्हा त्याने पुस्तिका तिच्या हातात दिली होती, काकाने काय लिहिलंय बघ म्हणून, कौतुकाने.

"त्या ओळीला मी थांबले. इचारलं, बाबा, खरंच विकला तुमी? तर म्हणाले, छापलंय ना काकाने."

मग तिने पुढचं सांगितलं. ती बापावर चिडली होती. आईच्या हातच्या कणकेवर वाजलेला पखवाज, आणि आईचं वर्ष सरतंय न सरतंय तोच विकून मोकळे झालात, असं ती त्याला तोंडावर बोलली होती. दोन वर्षं गौरीला माहेरी गेली नाही. तिसऱ्या वर्षी तो स्वतः न्यायला आला, दारात उभा राहिला, तेव्हा गेली. पण मनातून ते गेलं नाही. शेवटी दवाखान्यात त्याची उशी नीट करतानाही ते मनात होतं, असं ती म्हणाली.

"काका, ते असताना का नाय सांगितलंत?"

मी म्हणालो, भीती वाटली, लोक काय म्हणतील याची.

"लोकं त्यांना म्हणतच होती ना," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ताटं उचलून ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिने विचारलं, मंडळाची बैठक कधी आहे. मी म्हणालो, रविवारी.

"मी येते. माझ्यासमोर वाचा."

मंडळाचा आताचा अध्यक्ष चाळिशीतला आहे, जमिनीचे व्यवहार बघतो. मी काय लिहिलंय ते त्याला फोनवर सांगितलं तर तो चांगुलपणाने म्हणाला, काका, जुनं कशाला काढताय, मंडळासाठी त्यांचं मोठं योगदान होतं एवढंच लिहू, फोटो मोठा टाकू. मी म्हणालो, छापायचं तर हेच छापा, नाहीतर इतिहास दुसऱ्याकडून लिहून घ्या.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस माणसं होती. बरीचशी मला ओळखतही नव्हती. बुवा आले होते. पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत, कानाला यंत्र असतं, प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना धरून बसवलं होतं. दादाची मुलगी बायकांच्या बाजूला खांबापाशी बसली. मी उभं राहून वाचलं. पानं खुर्चीच्या पाठीवर टेकवली होती.

संपल्यावर बुवांनी हात कानामागे धरला आणि म्हणाले, "मला नीट आलं नाय. परत वाच. मोठ्यांदा."

पहिल्यांदा वाचताना मी कागदाकडे बघत होतो. दुसऱ्यांदा मला त्यांच्याकडे बघत, मोठ्याने, शब्द सुटे करून वाचावं लागलं. पखवाज मी विकला. त्याने सांगितलं नव्हतं. तो वर्ष पाळत होता. बाहेर रस्त्यावर एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता, त्याच्या वरचढ आवाज काढावा लागला.

बुवांनी ऐकलं. त्यांचे ओठ हलत होते. नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, शेजारच्या माणसाशीही नाही, समोर बघून म्हणाले, "आमी त्याला नुसत्या टालांवर नेला."

थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाले. अध्यक्षाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग घसा साफ करून त्याने सांगितलं की मजकूर आहे तसा जाईल. कुणी विरोध केला नाही. चहा आला.

दादाची मुलगी उठली. बुवांपाशी गेली, वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढायचं विसरले, ती तशीच वाकून राहिली. दादा गेल्यापासून ती भेटली की माझ्याही पाया पडायची, माहेरचं मोठं माणूस म्हणून मी एकटाच उरलो आहे. मी पानांची घडी खिशात घालून उभा राहिलो. ती माझ्यासमोरून गेली, जरा थांबली आणि म्हणाली, "येते."

बाहेर तिचा मुलगा गाडी घेऊन उभा होता. चिरनेरचा रस्ता पनवेलवरूनच जातो, पण चलता का म्हणून तिने विचारलं नाही, आणि मीही तिच्यामागे गेलो नाही. मंडळाच्या एकाने मला मोटारसायकलवर नेऱ्याच्या नाक्यापर्यंत सोडलं. मी उतरलो, तसा तो मागे न बघता गाडी वळवून गेला. मला वाटलं, बरोबर आहे त्याचं.